रंगावर जाऊ नका: विलीनीकरणानंतरही राबणारी जुनी अमेरिकन इंजिनं कशी हुडकायची

मी दौंडची. घर स्टेशनाला इतकं लागून की दहावीचा अभ्यास अल्को इंजिनांच्या धडधडीत झाला. आप्पा अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, "डबल इंजिन आहे, मालगाडी असणार." लग्नानंतर शिकागोजवळ नेपरव्हिलला आले, तर इथेही घरापासून दहा मिनिटांवर तीन रुळांची मेन लाइन! म्हटलं, चला, माहेर सापडलं.

आणि पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले. मालगाडीच्या पुढे लाल-केशरी-काळ्या रंगाचं एक इंजिन आलं, अंगावर 'सदर्न पॅसिफिक'. ही कंपनी १९९६ सालीच युनियन पॅसिफिकच्या पोटात गेलेली. मी धावतपळत फोटो काढला आणि पुण्यातल्या गाडीवेड्या मंडळींना पाठवून दिला: "बघा, तीस वर्षांपूर्वीच्या कंपनीचं इंजिन अजून चालतंय!" प्लॅटफॉर्मवर शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना दाखवला, तर ते हसले आणि म्हणाले, "नंबर वाच." नंबर होता १९९६. इंजिन मात्र एकविसाव्या शतकातलं, जुन्या रंगाची साडी नेसलेलं. युनियन पॅसिफिकने गिळलेल्या सहा कंपन्यांच्या आठवणीसाठी २००५-०६ मध्ये सहा नवी इंजिनं रंगवली आणि विलीनीकरणांच्या सालांवरून त्यांना नंबर दिले: १९८२, १९८३, १९८८, १९८९, १९९५, १९९६.

तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून हे लिहितेय. उदाहरणं माझ्या भागातली, म्हणजे मुख्यतः बीएनएसएफ या मालवाहू रेल्वे कंपनीची आहेत, पण पद्धत कुठेही चालते.

१. आधी वंशावळ

इथल्या मालवाहू रेल्वे खासगी. आपल्याकडे इंजिनाचं शेड बदलतं, इथे कंपनीच नाहीशी होते आणि इंजिनं नव्या घरी नांदायला जातात. माहेर माहीत नसेल तर समोरून काय गेलं ते कळणारच नाही. एवढं पाठ करा:

- २ मार्च १९७०: ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक, शिकागो बर्लिंग्टन अँड क्विन्सी आणि स्पोकेन पोर्टलँड अँड सिॲटल या चौघी मिळून बर्लिंग्टन नॉर्दर्न, म्हणजे बीएन. १९८० मध्ये त्यात फ्रिस्को आली.
- २२ सप्टेंबर १९९५: बीएन आणि सांता फे यांच्या मूळ कंपन्या एक झाल्या. दोन रेल्वे कागदोपत्री एक झाल्या त्या ३१ डिसेंबर १९९६ ला. तीच बीएनएसएफ.
- युनियन पॅसिफिक: १९८२ मध्ये मिसूरी पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक, १९८८ मध्ये केटी, १९९५ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक.
- १ जून १९९९: कॉनरेलची वाटणी. ५८ टक्के नॉरफोक सदर्नकडे, ४२ टक्के सीएसएक्सकडे.
- १४ एप्रिल २०२३: कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न मिळून सीपीकेसी.

एक गंमत सांगते. १९८०च्या दशकात सांता फे आणि सदर्न पॅसिफिक यांचंही लग्न ठरलं होतं. सरकारची मंजुरी यायच्या आधीच दोघींनी इंजिनं लाल-पिवळी-काळी रंगवायला घेतली. एसपीएसएफ ही अक्षरं नीट बसावीत म्हणून निम्म्या अक्षरांची जागाही मोकळी सोडली. १९८६ मध्ये आयोगाने परवानगी नाकारली. तेव्हापासून इथले रेलफॅन एसपीएसएफचा अर्थ सांगतात, 'शुडन्ट पेंट सो फास्ट', म्हणजे 'एवढ्या घाईने रंगवायला नको होतं'. त्या रंगाला कोडॅक्रोम म्हणतात. जुने लोक बोलता बोलता हा शब्द टाकतात, तेव्हा गोंधळू नका.

२. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र: ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी. सार्वजनिक जागेतून फोटो काढायला परवाना लागत नाही, पण कोणी हटकलं तर दाखवायला बरं पडतं.
- दुर्बीण. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा ही आधी घ्या. साधी ८ गुणिले ४२ ची पुरते.
- कॅमेरा असेल तर २०० किंवा ३०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स. नसेल तर फोनवर व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवून नंबर वाचा.
- वही आणि पेन्सिल. इलिनॉयच्या जानेवारीत बॉलपेन गोठतं आणि फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट झोपते.
- रेडिओ स्कॅनर, हवा असल्यास. रेल्वेचं बोलणं १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. विकत घेण्याआधी आपल्या आणि शेजारच्या राज्याचा नियम वाचा, कारण काही राज्यांत मोटारीत स्कॅनर बाळगण्यावर बंधनं आहेत.
- त्या कंपनीचं रोस्टर, म्हणजे कुठल्या नंबराचं इंजिन कुठलं मॉडेल आणि पूर्वी कोणाचं, याची यादी. याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे.

३. रंग सोडा, अंग बघा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून वाचा.

जुनं म्हणजे साधारण काय शोधायचं? ईएमडी या जनरल मोटर्सच्या कंपनीने १९७२ पासून बनवलेली 'डॅश टू' पिढी. त्यातली दोन नावं पुन्हा पुन्हा भेटतील: जीपी-३८-२ आणि एसडी-४०-२. जीपी म्हणजे चार आसांचं, सर्व कामांचं. एसडी म्हणजे सहा आसांचं, जड कामाचं. पहिलं २,००० अश्वशक्तीचं, दुसरं ३,०००. एसडी-४०-२ तर जवळपास चार हजार बनली. अमेरिकन मालवाहतुकीची ही खिल्लारी जोडी म्हणा.

आता ओळख.

ओटा शोधा. एसडी-४०-२ ची एकूण लांबी ६८ फूट १० इंच, पण चौकटीवर बसवलेला डबा त्या मानाने आखूड. त्यामुळे पुढे नाकासमोर आणि मागे लाँग हूड, म्हणजे चालकाच्या कॅबमागचं लांब कवच, संपल्यावर मोकळी फळी उरते, थेट कोकणातल्या घराच्या ओट्यासारखी. इंग्रजीतही त्याला ओसरीच म्हणतात. सहा आस आणि दोन्ही टोकांना ऐसपैस ओटा दिसला की दुर्बीण उचला.

नाक बघा. १९९०च्या सुमारापासून आलेल्या इंजिनांचं नाक पूर्ण रुंदीचं असतं, भिंतीसारखं. जुन्यांचं नाक अरुंद, दोन्ही बाजूंनी माणूस चालू शकेल असं. हे अर्धा किलोमीटरवरून कळतं.

मागची बाजू बघा. जीई (२०१९ पासून वॅबटेक) कंपनीच्या नव्या इंजिनांचे रेडिएटर मागे पंखांसारखे बाहेर आलेले असतात. जुन्या ईएमडीला ते नाहीत. तिच्या पाठीवर गोल पंखे असतात: जीपी-३८-२ ला रेडिएटरचे दोन, एसडी-४०-२ ला ओळीने तीन. प्लॅटफॉर्मवरून दिसत नाहीत, पादचारी पुलावरून झकास दिसतात.

आता बारकावा, ज्यावरून नवखा आणि मुरलेला कळतो. डॅश टूच्या उजव्या कुशीला लाँग हूडवर एक लांबट अंडाकृती काच असते. आतल्या पाण्याची पातळी बघायची खिडकी. त्याच्या आधीच्या साध्या जीपी-३८ ला ती नसते. मी पहिल्यांदा ती काच पाहिली ती सिग्नलला थांबलेल्या एका मालगाडीवर. वर काजळी, खाली गंजाचे ओघळ आणि मधोमध एवढीशी काच तेवढी कोणीतरी फडक्याने पुसलेली.

आणि कधी कॅबच्या डोक्यावर उंटासारखा उंचवटा दिसला तर धावा. ते १९६१ ते ६३ दरम्यान बनलेल्या जीपी-३० चं अंग. बीएनने १९८०च्या दशकाच्या अखेरीस असली काही इंजिनं आतून नवी करून जीपी-३९ या नावाने पुन्हा कामाला जुंपली. नाव बदललं, उंचवटा राहिला.

४. नंबर आणि ठिगळ

रंग फसवतो म्हटलं, तरी खऱ्या जुन्या रंगाची खूणही आहे: ठिगळ. विलीनीकरणानंतर हजारो इंजिनं लगेच रंगवणं परवडत नाही. मग कॅबखालचं जुनं नाव आणि नंबर झाकून तेवढ्यापुरता रंगाचा चौकोन मारतात आणि वर नव्या कंपनीची अक्षरं. अक्षरांचं वळण वेगळं, चौकोनाचा रंग ताजा, बाकी अंग उन्हाने विटलेलं. असं ठिगळ दिसलं की ते अस्सल. नव्या इंजिनाला जुनी साडी नेसवतात तेव्हा ती कडक इस्त्रीची असते.

बीएनएसएफमध्ये बघायचे माहेरचे रंग:

- हिरवा-काळा: बीएनचा 'कॅस्केड ग्रीन'.
- निळा-पिवळा: सांता फेच्या मालगाड्यांचा.
- लाल-चंदेरी 'वॉरबॉनेट': १९३७ मध्ये सांता फेच्या 'सुपर चीफ' गाडीसाठी आखलेला, आणि १९८९ मध्ये मालगाड्यांच्या इंजिनांवर परत आणलेला. आता उन्हाने त्याचा लाल गुलाबी झालेला असतो.

तिन्ही दरवर्षी विरळ होतायत. बीएनएसएफचा आजचा केशरी दिसला म्हणून मात्र मान फिरवू नका. जुन्या जीपी-३८-२ आणि एसडी-४०-२ पैकी कितीतरी आता केशरीच आहेत, आणि बहुतेक नवशिके तिथेच चुकतात. सगळे रंगाच्या मागे, आणि पन्नाशी गाठलेलं इंजिन नव्या रंगात समोरून निघून जातं.

म्हणून नंबर लिहा. आधी नंबर, मग वेळ, मग जागा, रंग शेवटी. घरी येऊन रोस्टरमध्ये बघा. विलीनीकरणात नंबर बदललेले असतात, त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही नंबर वहीत असू द्या. चौकटीच्या बाजूला कारखान्याची छोटी पाटी असते, तिच्यावर अनुक्रमांक आणि बनल्याची तारीख. ती वाचता आली तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी रुळाजवळ जायचं नाही. याबद्दल पुढे.

५. कान लावा

आपण अल्कोवर वाढलेले लोक इथे पुढे असतो. अल्को चार स्ट्रोकची, म्हणून ती धडधड, ठेका. जीईची नवी इंजिनंही चार स्ट्रोकची, त्यांचाही ठेका ऐकू येतो. जुन्या ईएमडीचं ६४५ हे इंजिन दोन स्ट्रोकचं: ठेका नाही, सलग घुमणारा गुंजारव. आपल्याकडच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये त्याच घराण्याचं पुढचं ७१० इंजिन आहे, त्यामुळे तो आवाज ऐकला असेल तर निम्मं काम झालं. त्यातही एसडी-४०-२ ला टर्बो, त्यामुळे गुंजारवावर एक बारीक शिट्टी चढते. जीपी-३८-२ ला टर्बो नाही, तिचा आवाज खर्जातला, घोगरा. दोन-तीन शनिवार डोळे मिटून ऐका, फरक आपोआप बसतो.

६. कुठे आणि कधी

मेन लाइनवर गाडीच्या पुढे जुनं इंजिन शोधणं म्हणजे हायवेवर बैलगाडी शोधणं. कारण साधं आहे. आघाडीच्या इंजिनाला पीटीसी लागतं, म्हणजे आपल्या 'कवच'सारखी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. सगळ्याच जुन्यांवर ती बसवण्यात कंपन्यांना रस नसतो. मग ती कुठे असतात? यार्डात शंटिंगला, कारखान्यांच्या सायडिंगवर डबे पोचवणाऱ्या छोट्या लोकल मालगाड्यांवर, किंवा मोठ्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला. आणि ती मोडीत का निघत नाहीत? २०१५ पासून नव्या इंजिनांना 'टियर ४' हे धुराचे कडक नियम लागू झाले, नवं इंजिन महागलं. यार्डातल्या कामाला जुनंच आतून दुरुस्त करून चालवणं स्वस्त पडतं.

माझ्या जागा:

नेपरव्हिल आणि रूट ५९ ही मेट्राची, म्हणजे शिकागोच्या लोकलची स्टेशनं. रूट ५९ च्या पश्चिमेला बीएनएसएफचं इओला यार्ड आहे, त्यामुळे इथे लोकल मालगाड्या दिसतात. कामाच्या दिवशी दहा ते तीन ही वेळ चांगली. सकाळ-संध्याकाळ प्रवासी लोकलची रांग लागते आणि मालगाड्यांना थांबवून ठेवतात. फोटोसाठी रुळांच्या दक्षिणेला उभ्या राहा, ऊन पाठीशी येतं.

रोशेल. शिकागोच्या पश्चिमेला दीड तासावर. इथे बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिकचे दुहेरी मार्ग एकमेकांना छेदतात आणि गावाने खास गाड्या बघायला उद्यान बांधलंय. छप्पर, बाकं, रेल्वेचा रेडिओ ऐकवणारा स्पीकर, सगळं फुकट. एक मार्ग मूळचा बर्लिंग्टनचा, दुसरा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचा. म्हणजे १९९५ ची दोन्ही लग्नं एकाच चौकात. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच जावं. मुलं असतील तर नक्कीच, कारण कुंपण आहे.

गेल्सबर्ग. विलीनीकरण म्हणजे नक्की काय ते जमिनीवर बघायचं तर इथे. बर्लिंग्टन आणि सांता फे दोघींच्या मेन लाइन या एका गावातून जात, दोघींची स्टेशनं वेगळी. १९९६ पर्यंत ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेची साउथवेस्ट चीफ ही गाडी सांता फेच्या मार्गाने जोलिएट, स्ट्रीटर, चिलिकोथी करत इथे यायची. दोन्ही मार्ग एकाच मालकाचे झाल्यावर ती उचलून बर्लिंग्टनच्या मार्गावर टाकली, आणि म्हणूनच आज ती नेपरव्हिलला थांबते. गेल्सबर्गला मोठं यार्ड आहे, म्हणजे शंटिंगची इंजिनं आलीच. नेपरव्हिलहून ॲमट्रॅकने दोन-अडीच तास, स्टेशनाशेजारीच रेल्वे म्युझियम. जूनमध्ये गावात रेलरोड डेज असतात, तेव्हा जा.

७. हद्द ओलांडू नका

हे मी अनुभवाने सांगते. एका यार्डाशेजारचा कच्चा रस्ता सार्वजनिक समजून आत गेले. ना फाटक, ना पाटी दिसली. पाच मिनिटांत रेल्वे पोलिसाची गाडी मागे. नशिबाने समज देऊन सोडलं. रुळांशेजारची खडीची पट्टी, यार्डातले रस्ते, पूल, सगळी खासगी मालमत्ता आहे, आणि तिथे जाणं हा गुन्हा. व्हिसावर असाल तर आणखी जपा. ग्रीन कार्डच्या अर्जात 'कधी अटक किंवा नोटीस झाली का' हा प्रश्न असतो, आणि 'इंजिन बघायला गेले होते' हे उत्तर तिथे लिहायला लागू नये.

आपल्याकडच्या सवयींचे तीन सापळे:

- भोंगा वाजेलच असं धरू नका. शिकागोच्या उपनगरांत अनेक फाटकांवर भोंगा बंद आहे. लांब गाडीचं इंजिन मैलभर पुढे, आणि डबे तुमच्यासमोर जवळपास मुक्याने सरकतात.
- एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकू नका. तीन रूळ आहेत, एकामागे दुसरी लपलेली असते.
- गाडी रुळापेक्षा बरीच रुंद असते. मी २५ फूट अंतर ठेवते. सेल्फीसाठी तर पाठ फिरवूच नका. २०२४ मध्ये सीपीकेसीचं '२८१६' हे १९३० सालचं वाफेचं इंजिन कॅल्गरीहून मेक्सिको सिटीला निघालं होतं, तेव्हा मेक्सिकोच्या हिदाल्गो राज्यात रुळाजवळ फोटो घेणारी एक बाई त्याच्या धडकेने गेली.

प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते, तिच्यावर रेल्वेचा आणीबाणीचा फोन आणि फाटकाचा क्रमांक. पोचल्यावर आधी तिचा फोटो घ्या. रुळावर मोटार अडकलेली दिसली तर शोधाशोध नको.

८. हरवलेल्याचा माग

वहीतला एखादा नंबर वर्षभर दिसला नाही तर तो भंगारातच गेला असं नाही. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली इंजिनं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे आणि शॉर्टलाइनकडे, म्हणजे छोट्या स्थानिक रेल्वेंकडे जातात. सांता फेने १९७०च्या दशकात टेक्ससमधल्या क्लिबर्नच्या कारखान्यात जुन्या एफ-७ इंजिनांचं गोलसर कवच काढून २३३ सीएफ-७ बनवली. त्यांतली कितीतरी पुढे अशाच छोट्या रेल्वेंकडे गेली. कंपनीत काम संपलं तरी धान्याच्या गोदामामागे इंजिन राबत असतं. तेव्हा आपल्या पंचवीस मैलांच्या आतल्या शॉर्टलाइन नकाशावर शोधून काढा. त्यांच्या गाड्या दिवसाढवळ्या, संथ चालीने जातात, फोटोला याहून सोपं काही नाही.

आणि हे काम या महिन्यातच सुरू करा. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न घेण्याचा ८५ अब्ज डॉलरचा व्यवहार जाहीर केलाय. एनएसची काळी-पांढरी इंजिनं शिकागोत इतकी दिसतात की त्यांच्यासाठी कोणी कॅमेऱ्याचं झाकणही काढत नाही. तुम्ही काढा. विशेषतः अरुंद नाक कॅबच्या काचेइतकं उंच असलेलं जीपी-३८-२ दिसलं तर. तसली उंच नाकाची इंजिनं सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न या एनएसच्या दोन्ही माहेरच्यांनी घेतली होती. नंबर लिहून ठेवा.